कोणी एकटं जेवायचं नाही

"कितना खाती है ये लड़की! घर में नहीं मिलता क्या?"

हे माझ्याबद्दल होतं. मी बारा वर्षांची होते आणि माझ्या ताटात दुसरी पुरी होती. दुसरीच. दिल्ली कँटमध्ये वडिलांच्या पलटणीचा बडाखाना चालला होता. बडाखान्याला साहेब आणि जवान एकाच शामियान्यात जेवतात आणि साहेब लोक आपल्या हातानं जवानांना, त्यांच्या बायकापोरांना वाढतात. बोलणारी बाई एका मोठ्या साहेबांची बायको. हातात पुऱ्यांची परात, अंगावर रेशमी साडी. आजूबाजूच्या चारजणी हसल्या. मग माझे आप्पाही हसले.

"जी मेमसाब, बहुत खाती है," ते म्हणाले.

त्या बाईचं वाक्य मी कदाचित विसरले असते. लहानपणी काय कमी बोलणी खातो आपण? पण आप्पांचं हसू विसरता आलं नाही. आप्पांना त्या बडाखान्याचा कोण अभिमान होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या आज्याला लग्नाची पंगत उठल्यावर वाढायचे. मांडवाबाहेर बसवून, उरलंसुरलं. आप्पा फौजेत आले ते त्या मांडवाकडे कायमची पाठ फिरवून. "इथं साहेब आपल्या ताटात वाढतो, बघ," हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलं असेल. आणि त्या दिवशी साहेबांच्या बायकोनं त्यांच्या पोरीची भूक चारचौघांत उघडी केली, तर त्यांनी मान डोलावली.

मी पुरी तशीच ठेवली आणि हात धुतले. त्यानंतर लोकांसमोर माझ्या घशाखाली घास उतरेना. आधी मी जेवण टाळलं. मग चोरून खाऊ लागले. मग चोरून खाल्लेलं अंगी लागू नये म्हणून नको ते करू लागले. त्याचं वर्णन मी इथं करणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी शिकू नये. एवढंच सांगते की हे सतरा वर्षं चाललं.

आईनं मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. "अन्नावर राग काढू नये गं, ते रुसतं," म्हणाली. डॉक्टर म्हणाले कमजोरी आहे, या वयाच्या मुलींना होते. टॉनिकची बाटली मिळाली. आप्पांचं एकच, "नखरे आहेत." लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं, तो वेगळा विषय. पण सासरीही शब्द तोच होता. आजाराला नाव नसलं की तो आजार राहत नाही, माणसाची खोड होते. मीही ती माझी खोडच समजत होते. पोटभर मिळत असताना हे असले धंदे करणारी, म्हणजे कृतघ्न.

आप्पा रिटायर झाल्यावर आम्ही गावी गेलो नाही. दिल्लीतच, पालमला दोन खोल्या घेतल्या. मला कामाची गरज होती, आणि दक्षिण दिल्लीतल्या एका संस्थेला स्वयंपाकाला बाई हवी होती. संस्था बंगल्यात. जेवणाच्या आजारातून मुलींना बाहेर काढायचं, आणि ज्यांना तो झालेला नाही त्यांना होऊ द्यायचा नाही, हे तिचं काम. ईटिंग डिसऑर्डर हा शब्द मी तिथं ऐकला. मुली महागड्या शाळांतल्या, गुडगावच्या उंच उंच इमारतींतल्या. काम खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. दोन माणसांनी धरून आणलेली मुलगी चार महिन्यांनी स्वतःहून चटणी मागताना मी पाहिली आहे.

ते काम मुख्यतः एका मेजावर चालायचं. दुपारी एक वाजता सगळ्या मुली त्या लांब मेजाभोवती बसायच्या. संस्था चालवणाऱ्या मॅडमही त्यांच्यात बसून तेच जेवायच्या. भिंतीवर रंगीत अक्षरांत नियम लावलेले. कोणी एकटं जेवायचं नाही. दुसऱ्याच्या ताटाविषयी बोलायचं नाही. एकदा जेवायला बसलं की जेवणानंतर अर्धा तास होईपर्यंत कोणी उठायचं नाही. तो शेवटचा नियम कशासाठी, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

मी एकटी जेवायचे. किचनमध्ये, ओट्याशी, उभ्यानं. माझं स्टीलचं ताट वेगळं, फळीवर इतर भांड्यांपासून लांब ठेवलेलं. त्याबद्दल मला कुणी काही बोललं नव्हतं. पहिल्या दिवशी काढून दिलं, बस्स. असल्या गोष्टी बोलाव्या लागत नाहीत, दिल्लीत काय आणि गावात काय. जेवायचे म्हणजे काय, ताट वाढून घ्यायचे आणि झाकून ठेवायचे. बघायला कोण होतं?

एकदा दाराशी डाळीचं भांडं घेऊन उभी होते. आत मॅडम एका नव्या मुलीच्या आईला समजावत होत्या. मुलगी कशी लपवते, कशी खोटं बोलते, तिला स्वतःची किती शरम वाटते, सगळं सांगत होत्या. मी कान देऊन ऐकत होते, कारण त्या माझंच सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "इसमें इसकी कोई गलती नहीं है. ये बीमारी है." सतरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तेही माझ्यासाठी नव्हतं.

पंधरा दिवस धीर गोळा केला. मग एका दुपारी मेज पुसता पुसता म्हटलं, "मैडम, मुझे भी यही है."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. कुत्सित नाही, मायेनं हसल्या. "अरे नहीं! तुम लोगों में ये सब नहीं होता. तुम्हें आयरन की कमी होगी. गुड़-चना खाया करो."

मी काय म्हटलं असेल? "जी मैडम." आणि वर हसलेसुद्धा. आप्पांना इतकी वर्षं मनात शिव्या घातल्या, आणि वेळ आल्यावर माझ्याच तोंडून आप्पा बोलले. त्या दिवशी मला माझी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

थंडीत संस्थेनं एका सरकारी मुलींच्या शाळेत कार्यक्रम ठेवला. लाडू मी केलेले, म्हणून डबे उचलायला मीही गेले. महागड्या शाळांत मॅडम आरशाबद्दल बोलायच्या, मोबाइलमधल्या फोटोंबद्दल, मनाबद्दल. इथं मन नव्हतं. इथं पालक, गूळ आणि चण्याचा तक्ता होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मुलींकडून फॉर्म मात्र तोच भरून घेतला. त्यात प्रश्न होता, गेल्या आठवड्यात किती वेळा जेवण सोडलं? महागड्या शाळेतल्या मुलीनं तिथं 'रोज' लिहिलं की मॅडम त्याच दिवशी तिच्या आईबापांना फोन करत. या शाळेत आठवीतल्या पूनम नावाच्या मुलीनं 'रोज' लिहिलं. मॅडमनी शेजारी पेननं लिहिलं, 'राशन किट'.

मी डबे लावत शेजारीच उभी होते. पूनमकडे पाहिलं. फॉर्मवरच लिहिलं होतं, तिची आई कॉलनीच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा ठेला चालवते. म्हणजे घरात चूल पेटते, डब्यात पोळीही होती. तिला राशन काय करायचं होतं? पण गरिबाच्या पोरीनं जेवण सोडलं तर ते नसल्यामुळेच, असं यांच्या पुस्तकात लिहिलेलं. भूक आम्हाला वाटून दिलेली आणि आजार त्यांनी स्वतःकडे ठेवलेला.

मग फोटोवाला आला. मॅडमनी पूनमलाच पुढं घेतलं. "खाओ बेटा, शरमाओ मत." सगळ्या वर्गासमोर तिच्या हातात लाडू दिला. ती खाऊ लागली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. फोटो झाला, टाळ्या झाल्या, आणि पूनम बाहेर निघाली. मी डबा खाली ठेवून मागं गेले.

बाथरूमच्या दाराशी तिला गाठलं. ती घाबरली. "दीदी, किसी को मत बताना."

"बताऊँगी," मी म्हटलं. "सिर्फ तेरी मम्मी को. और तू साथ में होगी." मग तिथंच पायरीवर बसले आणि तिलाही बसवलं. अर्धा तास. तिला म्हटलं, मलाही हेच आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हे मी आधी कुणाला का नाही सांगितलं, असं वाटून गेलं.

परतताना गाडीत मॅडमना सांगितलं, "पूनम को राशन नहीं चाहिए. उसे अपने यहाँ की मेज़ चाहिए."

"तुम डॉक्टर हो?"

"नहीं मैडम. मरीज हूँ."

त्यांनी पर्समधून डायरी काढून पानं उलटली. मग म्हणाल्या, "ठीक है. शनिवार को ले आना. देखते हैं."

शनिवारी पूनम आणि तिची आई आल्या. आईनं दुपट्टा इतका कडक इस्त्री केला होता की तो खांद्यावर ठरत नव्हता. मॅडम त्यांच्याशी चांगल्या बोलल्या, आतल्या खोलीत बसवून, वेळ देऊन बोलल्या. बाहेर आल्यावर मान्यही केलं की मुलगी आजारी आहे. मला क्षणभर वाटलं, झालं, मिटलं. तेवढ्यात एक वाजला. मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"देखो, कुछ दिन ये तुम्हारे साथ किचन में खा ले. बाकी लड़कियाँ अनकम्फर्टेबल हो जाएँगी. इसको भी वहीं अच्छा लगेगा."

पूनमच्या आईनं ऐकलं. लगेच हात जोडले आणि हसली. "जी मैडम, किचन में ही ठीक है. हम तो नीचे भी बैठ जाएँगे."

ते हसू मी ओळखलं. पूनम आईच्या तोंडाकडे बघत होती. मी बारा वर्षांची असताना जसं बघितलं होतं तसंच. आत्ता, या क्षणी, हिच्या घशात ते अडकणार आणि सतरा वर्षं अडकून राहणार, हे मला लख्ख दिसलं. माझं डोकं फिरलं. मला कुणी फार धीट समजू नये.

मी किचनमध्ये गेले. मेजावर जातात त्याच दोन प्लेटी घेतल्या, वरण, भात, भाजी वाढली. ऑफिसातल्या दोन खुर्च्या ओढत आणल्या, त्यांचा फरशीवर केवढा आवाज झाला. पूनमला बसवलं आणि शेजारी मी बसले. मुलींचे चमचे थांबले.

"ये क्या है?" मॅडम म्हणाल्या. "उठो. अभी."

मी घास तोंडात घातला.

"मैंने कहा उठो."

समोर एक मुलगी होती, सगळ्यात वाळलेली, महिनाभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती प्लेटीतून वर न बघता म्हणाली, "मैम, रूल है. अब कोई नहीं उठेगा."

तिला माझा कळवळा आला असेल असं मी म्हणत नाही. बहुधा ती घाबरली होती. ज्या नियमाला धरून ती रोज एकेक घास गिळत होती, तो तिच्या डोळ्यांदेखत मोडायला निघाला होता. पण मॅडम खाली बसल्या.

मी जेवले. लोकांसमोर, सतरा वर्षांनी. छान वाटलं, मोकळं वाटलं, असलं काही झालं नाही. प्रत्येक घास दगडासारखा गेला. पूनम माझ्याकडे बघायची, मी खाल्लं की ती खायची. तिनं अर्धं संपवलं. मग तो अर्धा तास. मी मेजाची कड घट्ट धरून बसले होते. पूनमची आई दारात उभी होती आणि आता हसत नव्हती.

सगळ्या उठल्यावर मॅडमनी आत बोलावलं. "कल से मत आना. पूनम का हम कुछ कर लेंगे."

ते 'कुछ' म्हणजे काय, ते मला कळतं. मी त्यांच्या टेबलावरून कोरा फॉर्म उचलला. नव्या मुलींकडून भरून घेतात तो. तिथंच उभ्यानं भरला. वय एकोणतीस. केव्हापासून? बाराव्या वर्षापासून. गेल्या आठवड्यात किती वेळा जेवण सोडलं? रोज. त्याच्या शेजारी पेननं काही लिहू नका, असं सांगून त्यांच्या हातात दिला.

"इसका मैं क्या करूँ?" त्यांनी विचारलं.

"जो बाकी सबका करती हैं."

नोकरी गेली. आप्पा म्हणतात, माफी माग, मोठ्या लोकांच्या तोंडी लागू नये. मी मागणार नाही. सोमवारी एक वाजता मी आणि पूनम त्या फाटकाशी उभ्या असू. पूनमच्या आईला मी विचारलंय, ती एका शब्दात हो म्हणाली. मॅडमनी स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवावी आणि त्या बाईचीही खुर्ची मांडावी. दार उघडलं तर आत बसून जेवू. नाही उघडलं तर फाटकाबाहेर, रस्त्यावर, डबा उघडून बसू. त्या गल्लीतल्या सगळ्या बंगल्यांना दिसेल असं जेवू. एकेक घास चावून. आणि अर्धा तास तिथून उठणार नाही.