तळघरातलं थेटर आणि पाटणकरांची आंघोळ

रागाच्या भरात लोक ताट भिरकावतात, पत्र फाडतात, फार तर चार दिवस गावी निघून जातात. मी थेटर बांधलं.

पंचावन्न-छप्पन साल असेल. मुलुंडला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. एका शनिवारी मी, बायको सुमती आणि दोन वर्षांची बेबी सिनेमाला गेलो. माझ्या पुढच्याच खुर्चीत एक फेटेवाले गृहस्थ. फेट्याच्या डाव्या बाजूने मला नायक दिसायचा, उजव्या बाजूने नायिका. दोघं जवळ आली की नुसता फेटा!

"अहो, फेटा काढा की!"

"काढून ठेवू कुठं? तुमच्या डोक्यावर?"

झालं! मी असा काही आवाज चढवला की डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला आणि त्याने बाहेर काढलं. मला. (फेटा आतच राहिला.)

"गाणं अर्धं राहिलं माझं!" भर रस्त्यात सुमती कडाडली.

"पुन्हा या लोकांची पायरी चढणार नाही! घरात थेटर बांधीन!"

"बांधा. आधी मोरीचं दार बसवा."

तिने हे म्हणायला नको होतं.

बंगला उतारावर असल्यामुळे मागच्या अंगाला आमच्या खोल्यांखाली एक तळघर होतं. त्यात सुमतीचे कोळसे असत आणि कोळशांवर एक मांजर असे. शिवाय नुकतेच आमच्या ऑफिसातले एक साहेब बदली होऊन गेले होते आणि जाताना त्यांनी आपलं जुनं प्रोजेक्टर आणि मधमाश्यांवरचं एक मुकं रीळ माझ्या गळ्यात मारलं होतं. खोली होती, यंत्र होतं, राग होता. आणखी काय लागतं?

सुमती आठवडाभर धुसफुसली आणि मग एक दिवस अचानक मऊ झाली.

"अहो, पहिल्या खेळाला नानांना बोलवायचं का?"

नाना म्हणजे माझे सासरे, गिरगावातले निवृत्त शाळामास्तर. बेबीच्या बारशाला नावावरून आमची जुंपली होती. मी त्यांना 'तुमची शाळा सुटली आता!' असं चारचौघांत म्हणालो होतो. (पोरीला अजून 'बेबी' म्हणत होतो ते त्यामुळेच.) तेव्हापासून नानांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. सुमती बोलायची नाही, पण सणाच्या दिवशी गॅलरीत उगाच उभी राहायची.

"येतील?"

"मधमाश्या म्हटल्यावर येतील. पण तुम्ही तोंड आवरायचं!"

"मी कधी ओरडतो?" मी ओरडलो.

मदतीला माझा मामेभाऊ दत्तू आला. दत्तू मालवणचा, गिरणीत फिटर. कामात वाघ, पण प्रत्येक गोष्टीत त्याचं एक 'पण' असायचं. मी उजेड येऊ नये म्हणून झरोके गोणपाटाने बुजवले.

"दादा, पण माणसां श्वास खंयसून घेतली?"

"नाकाने!"

मी कोळसे बेबीच्या पाळण्याखाली हलवले. सुमतीने ते परत तळघरात, कोपऱ्यात नेऊन ओतले. मी रागाने हलवले, तिने रागाने ओतले. असं तीन वेळा झालं. शेवटी कोळशांना माझ्या थेटरात कायमची जागा मिळाली.

रविवार सकाळी दहाचा खेळ. शेजारची बावीस माणसं पाटांवर, पोत्यांवर दाटीवाटीने बसली. आणि नाना आले! काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. माझ्याकडे न बघता ते सुमतीला म्हणाले, "यांना सांग, मी मधमाश्यांसाठी आलोय."

मी दात ओठ खात गोड हसलो.

ऐन वेळी पडदा म्हणून लावलेल्या धोतराचा एक कोपरा सुटला. राणी माशीच्या अंगाला मोठी घडी पडली.

"कुबड आलं की हिला," नाना म्हणाले. लोक हसले.

माझं डोकं सणकलं. मी हातोडी आणि चांगला चार इंची खिळा घेऊन भिंतीकडे धावलो.

"दादा, थंयसर खिळो मारू नको! भिंत ओली लागता माका," दत्तू ओरडला.

"तू गप रे! एक खिळा मारायला तुझी परवानगी लागते का मला?"

आणि मी मारला. पहिला घाव दत्तूवरच्या रागाचा, दुसरा नानांवरच्या. तिसरा, खरं सांगतो, अजून त्या फेट्यावरचा होता! खिळा भिंतीत असा गेला जसा लोण्यात जावा. आतून 'फुस्स' आवाज आला. मी वाकून बघितलं आणि गच्चीवरच्या टाकीचं सगळं पाणी माझ्या तोंडावर आलं.

भिंतीत शिशाचा जुना नळ होता. तो वरून, घरमालक पाटणकरांच्या न्हाणीघरातून खाली येत होता.

धार थेट पहिल्या रांगेत. बायका किंचाळल्या, मुलं खूष झाली. पाणी कोपऱ्यातल्या कोळशांतून फिरून काळं होऊन पाटांखाली आलं. मी दोन्ही तळव्यांनी भोक दाबून धरलं, तर धार फाकून पाच दिशांना उडायला लागली.

"बोळा दे! दत्तू, बोळा!"

"झरोक्यात घातलंस ना सगळे!"

इतक्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. पाटणकर! निवृत्त फौजदार, कमरेला पंचा, अंगभर साबणाचा फेस, डोळे मिटलेले.

"पाणी कोणी तोडलं? एकेकाला आत टाकीन!"

चाचपडत ते नेमके प्रोजेक्टर आणि पडदा यांच्या मध्ये येऊन उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पोटावर हजारो मधमाश्या स्पष्ट, ठसठशीत चालू लागल्या. धोतरावर त्या एवढ्या चांगल्या कधीच दिसल्या नव्हत्या! मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"हलू नका!" नानांचा वर्गातला आवाज खणखणला. "ही बघा मुलांनो, राणी माशी!"

आणि नाना हसायला लागले. काळ्या पाण्यात घोटाभर बुडालेले, कोट भिजलेला, छत्री उघडून धरलेली आणि खदाखदा हसत होते! पाटणकर शिव्या देत होते, मी दत्तूला देत होतो, दत्तू मालवणीत भिंतीला देत होता. सुमतीने वर स्वयंपाकघरात धावत जाऊन प्रोजेक्टरची विजेची तार उपटली, म्हणून बावीस माणसं धडधाकट घरी गेली. (काळी, पण धडधाकट.)

नळ दुरुस्त व्हायला आठ दिवस लागले. तोवर पाटणकरांचं पाणी विहिरीवरून मी भरायचं असा हुकूम झाला. मी खांद्यावर हंडा घेऊन जिना चढायचो आणि मनातल्या मनात सगळ्या जगाला शिव्या घालायचो. नाना मात्र त्या रविवारी राहिले, सोमवारीही राहिले आणि पुढे दर रविवारी यायला लागले. बेबीचं नाव त्यांनी 'उषा' ठेवलं. मी हूं की चूं केलं नाही; माझ्या खांद्यावर हंडा होता.

आता घरात कोणी पाहुणा आला की नाना ही हकीकत सुरू करतात. सांगताना ते कधीही माझं नाव घेत नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा. फक्त म्हणतात, "आणि मग तिथे एक ठार मूर्ख मनुष्य हातोडी घेऊन उठला." मग थांबतात, माझ्याकडे वळून आदराने विचारतात, "किती इंची खिळा होता हो, जावईबापू?"

आणि मी रागाने लालबुंद होऊन ओरडतो, "चार!"