ज्याला कळत नाही त्याच्यापुढे बोला

बारा-तेरा जण होते. पोरं आणि पोरी. इस्त्रीचे कपडे, पाठीवर पिशव्या. रिसोडच्या बाजारात माझ्या भाजीच्या गोणपाटासमोर ते अर्धगोल करून उभे राहिले आणि एकेक जण पुढे येऊन माझ्याशी इंग्रजीत बोलू लागला. मला वाटलं गिऱ्हाईक आहे. मी तराजू उचलला.

सोबत त्यांचे सर होते. बसस्टँडजवळ माडीवर ते इंग्रजी बोलायचा क्लास घेतात. म्हणाले, "मावशी, तराजू राहू द्या. पोरांचा सराव आहे. तुम्ही फक्त मान हलवा."

मी मान हलवली.

एका पोराने माझं वांगं उचललं, माझ्याकडे बोट केलं आणि काहीतरी लांबलचक बोलला. मी मान हलवली. मग एक पोरगी बोलली. तिलाही हलवली. सगळे हसले. ते हसले म्हणून मीही हसले. ही गोष्ट मी लपवणार नाही. मीही हसले.

अर्धा तास ते उभे होते. गर्दी पाहून गिऱ्हाईक बाजूने निघून जात होतं. त्यांच्यापैकी कुणी मेथीची एक जुडी घेतली नाही. वांगंसुद्धा परत ठेवताना ढिगात फेकलं. शेजारी लसूण विकणारी कौसाबाई म्हणाली, "तुह्यापुढं तं शाळाच भरली वो माय! आता मास्तरीन हो."

पुढच्या बाजाराला ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. मी पाहत होते. कापडाच्या दुकानापुढे ते थांबले नाहीत. औषधाच्या दुकानापुढे नाही. थांबले ते माझ्यापुढे आणि पलीकडे चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्यापुढे. मी पाहत होते, पण विचार केला नाही. चौथी शिकलेल्या बाईला वाटतं, शिकलेली माणसं करतात त्याला काहीतरी अर्थ असेल.

माझी नात शीतल बारावी झाली होती. अकोल्याच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसायची नोकरी होती, पण इंग्रजी बोलता यायला हवं होतं. मीच मुलाला म्हटलं, पोरगी घरात बसवून काय करतो, तिला त्या सरांच्या क्लासला घाल. सर बाजारात ओळखीचे झाले, असं मला वाटत होतं. दवाखान्यात आपण शब्द टाकू, असं सर तिला म्हणालेही.

महिनाभराने तीही त्या घोळक्यात आली. तोंडाला ओढणी बांधलेली. सगळ्यात मागे. सरांनी बोट केलं तशी पुढे आली, ओढणी सोडली आणि घडाघडा बोलली. एकदाही अडली नाही. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही, माझ्या पदराकडे पाहून बोलली. सर टाळ्या वाजवू लागले. मीही वाजवल्या. कौसाबाईला ओरडून सांगितलं, "माही नात आहे वो! पाह्य कशी बोलून राह्यली!"

टाळ्या थांबल्या. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग एक जण फिसकन हसला आणि सगळे हसले. शीतलने ओढणी पुन्हा बांधली.

परतताना काळीपिवळी जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली, पण गाव येईपर्यंत ओढणी सोडली नाही. घरी चुलीशी मी विचारलं, "काय म्हटलं वो तू मले?"

"काई नाही. धडा होता."

"कायचा धडा?"

"सल्ला कसा द्यायचा, त्याचा."

"मंग मले काय सल्ला दिला?"

मी भाकरी थापायची थांबवली. तेव्हा बोलली. तुम्ही हात धुऊन भाजीला हात लावावा. तुम्ही स्वच्छ लुगडं नेसावं. तुम्ही रस्त्यावर बसू नये. सरांनीच लिहून दिलं होतं म्हणाली.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. पहाटे उठून मेथी उपटली, सांबार म्हणजे कोथिंबीर उपटली की बोटांना हिरवा-काळा रंग चढतो. साबणाने जात नाही. याच बोटांनी मी हिची वेणी घातली होती.

"मलेच काहून? बाजारात माणसं कमी हायत का?"

तिने मान खाली घातली. "सर म्हनते, ज्याले कळत नाही त्याच्यापुढं बोला. चुकलं तरी तो हसत नाही. भेव जाते."

तर हे होतं. त्यांची भीती जावी म्हणून मी होते. आंधळ्यापुढे नाचायला शिकतात तसं.

मी विचारलं, "'नाही' म्हनाचं नाही शिकवत काय तुमाले?"

"शिकवते ना. पुढचा धडा तोच हाय. पटलं नाही तं कसं सांगायचं."

"मंग सरले काहून नाही सांगितलं, का हे माही आजी हाय?"

"ते वहीत लिवाचं असते आजी. सरले थोडी म्हनतेत." आणि मग रडत म्हणाली, "तू काई बोलू नको त्याईले. माह्या नोकरीचा सवाल हाय."

आठ दिवस मी तोलत राहिले. पोरीची नोकरी एका बाजूला, मी एका बाजूला. रात्र-दिवस तेच.

बाजार आला. ते आले. एक पोरगा खाकरून पुढे झाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे बंद करा. भाजी घ्याची असन तं घ्या, नाही तं सरका पुढं."

सर हसले. "अहो मावशी, पोरांचं भविष्य आहे."

"तुमाले सल्ला द्याचा हाय तं मले कळन असा द्या. मंग मी पण देतो तुमाले एक."

बाजारातली चार माणसं थांबली. सरांचं हसू जरा आखडलं. पण हुशार माणूस. पोरांकडे वळून म्हणाले, "बघा, छान संधी आहे. मावशींना आपलं पटलेलं नाही. आज आपला विरोध दाखवायचा धडा आहे ना? चला, मावशींना सांगा, तुमचं आम्हाला पटत नाही."

आणि पोरं ओळीने येऊन मला ते सांगू लागली. आय डोन्ट अग्री. आय डोन्ट अग्री. दर वेळी सर म्हणत, "मोठ्याने."

माझं नाही म्हणणंसुद्धा त्याने धड्यात घातलं. मी काय करणार होते? ओरडले असते तर तोही धडा झाला असता.

शीतलचा नंबर आला. ती पुढे आली. सर म्हणाले, "बोल." ती माझ्याकडे पाहत होती. या वेळी सरळ माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, आता ती सरांकडे वळेल. वळली नाही. बारीक आवाजात तेच बोलली आणि बाजूला झाली.

मी ओलं पोतं उचलून भाजीवर टाकलं. सगळी झाकली. वांगी, मेथी, सांबार, सगळं. भर बाजारात, उन्हं डोक्यावर असताना. म्हटलं, "तुमी हितं हाय तोवर माहं दुकान बंद."

तेव्हापासून ते येताना दिसले की मी झाकते. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. गिऱ्हाईक जातं. मेथी उबते. कौसाबाई म्हणते, तुहंच नुकसान हाय वो. आहे. सर अजून येतात, जरा वेळ उभे राहून मग चपला शिवणाऱ्याकडे जातात. त्याला मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, मले काय, बोलू दे.

शीतलला नोकरी लागली. सुट्टीला येते, मला नवं लुगडं आणते. तिची लाचारी मला कळते. मी तिला माफ केलेलं नाही, आणि तसं सांगितलं आहे. म्हटलं, माझं काही चुकत असेल तर माझ्यासमोर बसून मला कळेल अशा बोलीत सांग. मी ऐकेन. पटलं नाही तर नाही म्हणेन, आणि ते तुला बसून ऐकावं लागेल. जोवर तू तसं बोलत नाहीस, तोवर लुगडं पेटीतच राहील.