लमेटा घाटाचा रविवार

या प्रवासाबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. परतल्यावर ओळखीच्यांना धुवांधार धबधबा, संगमरवरी कडे, खव्याची जलेबी असं सगळं रंगवून सांगितलं. ज्यासाठी गेलो होतो ते मात्र कोणालाच सांगितलं नाही. आज सांगतो.

उमेदीच्या काळात मी जबलपूरला केंद्र सरकारच्या एका कचेरीत होतो. दोन घरं सोडून वसंता देवघरे राहायचा, कारखान्यात फिटर. आम्हा दोघांना दगडांचं वेड. दर रविवारी सायकलींवर नर्मदेकाठचा लमेटा घाट गाठायचा आणि गारगोट्या, शिंपल्यांचे ठसे उमटलेले दगड पिशवीभर आणायचे. मग माझ्या सबबी सुरू झाल्या. कधी पाहुणे, कधी मुलीचा अभ्यास, कधी पाठदुखी. एका रविवारी वसंतानं नेहमीसारखी सायकलची घंटी वाजवली. मला नुसतं लोळायचं होतं. मी बायकोला दारात पाठवलं. "हे ऑफिसच्या कामानं कुंडमला गेले," ती म्हणाली. मी दाराआड उभा होतो.

वसंता एकटाच गेला. घळीत पडला, मांडीचं हाड मोडलं आणि संध्याकाळपर्यंत तिथंच पडून राहिला. इस्पितळात भेटायला गेलो तेव्हाही मी कुंडमचंच सांगितलं. त्याचा पाय कायमचा आखूड झाला. पुढे माझी नागपूरला बदली झाली. दगडाला मी पुन्हा हात लावला नाही. बायको गेली आणि खरं काय ते ठाऊक असलेला मी एकटा उरलो. तेव्हा जबलपूरचं तिकीट काढलं.

सकाळी गाडी पोचली. ऑटोवाल्यानं आरशातून पाहत विचारलं, "बाबूजी, अकेले आए हो? परिवार?"

"अकेला ही हूँ," मी म्हणालो. कमानिया गेटपाशी उतरून खोवे की जलेबी (आपल्या जिलबीपेक्षा जाड, काळपट, खव्याची) घेतली. गर्दीत हजार माणसं असतील, पण तोंडओळखीचं एक नव्हतं. मी राहायचो ती गल्लीही आधी ओलांडून पुढे गेलो. तोवर पुड्यातला पाक गळून पँटवर ओघळला होता.

वसंताच्या बायकोनं, निर्मलावहिनींनी, दार उघडलं आणि आधी तो डागच पाहिला. "भाऊजी, जलेबी आणली का नेसून आले?"

आतून वसंता ओरडला, "अबे नाना! मी मेलो का जिता आहो, ते पाहाले आला का?"

काठी टेकत तो आला. एका बाजूला कलतच. खिडकीत, कपाटावर, फ्रिजवरसुद्धा दगड मांडलेले होते. मी पाहत राहिलो.

"काय पाहून राहिले?" वहिनी म्हणाल्या. "घरात दगड, देवघरात दगड, ह्यांच्या डोक्यात बी दगडच."

"अन् लग्नात पसंत केला तोबी दगडच," वसंता म्हणाला.

जेवायला वरण-भात, वांग्याची भाजी होती. आता सांगू म्हणून मी घास खाली ठेवला. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मी सगळ्यायले सांगते, भाऊजी गावात असते तं ह्यायले एकटं जाऊ दिलं नसतं." मी घास पुन्हा उचलला. वहिनींसमोर नको, उद्या घाटावर सांगू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी रविवारच होता. ऑटो करून आम्ही लमेटा घाटाला गेलो. नर्मदा संथ होती, पलीकडच्या काठावर कोणी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज पाण्यावरून उशिरा पोचत होता. वसंता उतारावर एका जागी बसला आणि काठी पोचेल तेवढीच जमीन उकरू लागला.

"पाय असा झाल्यावरही येत राहिलास?" मी विचारलं.

"अबे, पाय बरा व्हायची वाट पाहिली असती तं अजून खाटेवरच असतो. पयले घोड्यासारखा हिंडत होतो, काई दिसत नव्हतं. आता बसतो, दिसते." त्यानं माझ्याकडे खुरपं फेकलं. "चल, हात चालव. तुले काय झालं? दोन्ही पाय साबूत आहेत."

मी उकरलं. मातीतून एक दगड निघाला, त्यावर शिंपल्याची बारीक नक्षी. कितीतरी वर्षांनी माझ्या बोटांना आनंद झाला. एवढासा वेळ मला कुणी नाकारला होता? कुणीच नाही.

"वसंता, त्या रविवारी..." मी सुरुवात केली.

"सोड ना. तुई ड्यूटी होती, तू काय करशीन? निर्मला म्हणे, थांबा, पुढच्या रविवारी नाना येईन. मीच नाही थांबलो. चूक माहीच."

ऑटोवाला जवळ येऊन बिडी ओढत उभा होता. परक्या माणसासमोर कसं बोलायचं? मी म्हणालो, "ऊन फार झालं. निघू."

स्टेशनवर तो हट्टानं आला. फलाटावर ऑटोवाला नव्हता, वहिनी नव्हत्या. तरी मला वाटलं, गाडी सुटायला आली, इतकं मोठं बोलणं एवढ्यात कसं उरकायचं? मी खिडकीतून म्हणालो, "दिवाळीनंतर येतो. निवांत बोलू."

"ये. नाई तं म्हणशीन, ऑफिसचं काम आहे," तो हसला. रिटायर माणसाची थट्टा.

नागपूरला परतल्यापासून मी दर रविवारी गावाबाहेरच्या नाल्यावर जातो. गुडघे दुखतात, घरातले नको म्हणतात, तरी जातो. दगडांसाठी आता कोणतीच सबब आड येत नाही. पिशवी एकट्यानं भरतो, एकट्यानंच घरी आणून धुतो.

दिवाळीआधीच वसंता गेला. फोनवर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आले होते तं लय खूश होते. म्हणे, नाना कधी खोटं बोलला नाही."

फोनवरही मी खरं सांगितलं नाही. दुःखाच्या वेळी कशाला, असं स्वतःला सांगितलं.

वसंता, मी कुंडमला गेलो नव्हतो. तू घंटी वाजवलीस तेव्हा मी दाराच्या आड उभा होतो. मला माफ कर.