पाड्यावरची सात माणसं

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. नाईक असताना वार्षिक रजेवर माझ्या गावी, दिघाशीला आलो, तो जुलै महिना होता. रजेचा पाचवा दिवस. सकाळी ०६४० वाजता ओढ्यापलीकडच्या पाड्यावरून सोमी धावत आली.

"दादा, माज्या घरवाल्याला रातीपासून नुसतं पानीच व्हतंय."

"प्यायला काय दिलं?"

"काय न्हाय. पानी दिलं का आजून व्हतं."

मी फर्स्ट एड बॅग उचलली. पाड्यावर सहा आजारी होते. ओढ्याचं गढूळ पाणी विहिरीत शिरलं होतं आणि सगळे तेच पीत होते. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. रक्त नाही, ताप नाही. सोमीच्या नवऱ्याचे डोळे खोल गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहिली.

०७१० वाजता आमच्या मेडिकल ऑफिसर मेजरसाहेबांना फोन लावला.

"सर, सहा केसेस. कॉलरा वाटतो."

"शुद्धीत आहेत?"

"सगळे, सर."

"ओआरएस सुरू कर. गंभीर असतील त्यांना आधी हलव. सिव्हिलला कळव."

"येस सर."

अ‍ॅम्ब्युलन्सला आणि आरोग्य केंद्राला कळवलं. मग पाड्यातल्या बायकांना एकत्र बसवलं. ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो ते त्यांच्या भाषेत सांगितलं. हा जंतू आतडं फाडत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटतो आणि विष सोडतो. त्या विषाने अस्तराच्या पेशींमधली क्षाराची दारं उघडी पडतात, बंदच होत नाहीत. क्षार आतड्यात सांडतात आणि त्यांच्यामागे अंगातलं पाणी ओढलं जातं. म्हणजे जुलाबातून जातंय ते रक्तातलं पाणी. माणूस उपाशी राहिला तरी ते थांबत नाही.

"मंग पाजून काय उपेग?" सोमीने विचारलं.

"साखर आणि मीठ एकत्र आत जायचं दार वेगळं आहे. ते विषाने बंद होत नाही. त्याच दाराने पाणीही आत जातं. जुलाब होत राहतील, पण माणूस सुकणार नाही."

बॅगेत ओआरएसची चारच पाकिटं होती. ती संपल्यावर उकळलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं चुलीवर सुरू केलं. बारकीबाई पुढे आली. पाड्याची सुईण, अर्ध्या पाड्याची बाळंतपणं तिने केलेली. प्रत्येकाच्या उशाशी बसून ती चमच्याचमच्याने पाजू लागली. ओकारी आली की दहा मिनिटं थांबायची, पुन्हा पाजायची. मला काही सांगावं लागलं नाही.

०९०० वाजता सोमीच्या नवऱ्याची नाडी भरू लागली. ०९४० ला त्याला लघवी झाली. मी वहीत वेळ लिहिली. केस आटोक्यात आली होती.

१००५ वाजता बारकीबाई चुलीपाशी कोसळली. हात गार, मनगटाला नाडी लागेना. पहाटेपासून ती झाडाआड जात होती. कुणाला बोलली नव्हती. मी वाकलो.

"सांगितलं का नाहीस?"

"तू सा जनं मोजली व्हती," ती म्हणाली. "त्यांना पाज आदी."

ओआरएस तोंडाला लावलं, गिळता येईना. माझ्याकडे सलाईन नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्स रस्त्यावर येऊन थांबली, पुढे सगळा चिखल. सोमी आणि मी तिला घोंगडीत घालून नेलं. १०५० वाजता, रस्ता दिसू लागला तिथे, तिचा श्वास थांबला.

बाकी सहा जणांना अ‍ॅम्ब्युलन्सने आरोग्य केंद्रात नेलं, सहाही चार दिवसांत चालत घरी आले. विहीर उपसली, औषध टाकलं. रजा संपली, मी युनिटला परतलो.

त्यानंतर बारा वर्षं नोकरी केली. पूर आला की रिलीफ कॅम्प लागायचे, नव्या पोरांना मी ओआरएस शिकवायचो. कॅम्पमध्ये शिरलं की आधी पाजणाऱ्याचा हात हातात घ्यायचा आणि नाडी बघायची, अशी माझी ऑर्डर होती. एकाने कारण विचारलं. मी त्याला बारकीबाईचं नाव सांगितलं.