सुच्युंग मावशीची चकती

थंडीतल्या सर्वांत लहान दिवशी आमच्या गल्लीत मटणात बचनाग शिजायचा, आणि तो शिजवायची सुच्युंग मावशी. नात्यानं ती कुणाचीच मावशी नव्हती. फू नदीकाठच्या कारखान्यात तिनं तीस वर्षं बचनागाचे कंद खारवले, उकडले, त्यांच्या चकत्या केल्या. त्या खाऱ्या पाण्यानं तिच्या बोटांची टोकं कायमची पांढरी पडली होती. आमच्या भागात बचनागासारखं अंगात ऊब भरणारं दुसरं औषध नाही. म्हाताऱ्यांचे गुडघे त्याच्यावर हिवाळा काढतात. पण कच्चा राहिला तर तोच बचनाग माणसाला नेतो. म्हणून गल्लीनं हे काम तिच्या हाती दिलं होतं.

तिचे नियम थोडे होते. पहाटे भांडं चुलीवर चढलं की दुपारपर्यंत उकळी मोडायची नाही. पाणी आटलं तर शेजारच्या चुलीवरच्या किटलीतलं कढत पाणीच घालायचं. मध्येच बादलीतलं थंड पाणी पडलं की आधीची सगळी उकळ वाया गेली असं समजायचं. पोरांना आणि पोटुशीला वाटी द्यायची नाही. वाढण्याआधी मावशी सगळ्यांसमोर विचारायची, "बादलीला कुणाचा हात लागला?" सगळे एका सुरात म्हणायचे, "नाही, मावशी!" मग ती पहिली चकती स्वतः खायची. उदबत्ती जळून संपेपर्यंत जीभ बधिर झाली नाही, तरच आमच्या वाट्या भरायच्या.

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि पोस्टात टपाल वेगळं करायचो. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी मागे सरकायचो. त्या वर्षी मावशी म्हाताऱ्यांना बोलवायला निघाली आणि भांडं माझ्यावर सोपवून गेली.

"युनफू, तू नुसता बस. बडबड करणाऱ्याचं भांड्याकडे लक्ष नसतं, म्हणून तुला निवडलं. बादलीला हात लावलास तर बोटं मोडीन."

थोड्या वेळानं पाणी उतरलं. किटली उचलली, तर ती रिकामी. समोर यिन न्हावी त्याच पाण्यानं एकाची दाढी करत होता. तीन पावलांवर तो होता. हाक मारून खडसावणं एवढंच माझं काम होतं, आणि तेच मला जमलं नाही. चकत्या उघड्या पडायला लागल्या, तसं मी बादलीतलं दोन पळ्या पाणी ओतलं. उकळी एकदम गप्प झाली. मग पुन्हा आली, अगदी पहिल्यासारखी. कुणी पाहिलं नाही.

दुपारी सगळे वाट्या घेऊन जमले. माझी आईही होती.

"बादलीला कुणाचा हात लागला?"

"नाही, मावशी!"

त्या सुरात माझेही ओठ हलले. मावशीनं चकती उचलून फुंकर घातली. मला तिच्या बोटांची पांढरी टोकं दिसत होती.

"माझा," मी म्हणालो.

कुणाला ऐकू गेलं नाही. चकती तिच्या तोंडात गेली. मग मी ओरडलो, "मावशी, थुंका! मी थंड पाणी घातलंय!"

ती थुंकली. चुळा भरल्या.

"अरे गाढवा," यिन न्हावी म्हणाला, "मला सांगायचंस ना!"

"तू गप्प रहा," मावशी त्याच्यावर उसळली. "माझ्या किटलीनं गालफडं भादरतोस आणि वर तोंड करून बोलतोस? जा, दोन किटल्या उकळून आण." मग सगळ्यांना म्हणाली, "घरी मुळा-भात खा. आणखी चार तास लागतील. संध्याकाळी या."

मी म्हणालो, "या वेळी चकती मी खातो."

"तुझी जीभ आधीच बधिर आहे. तुला काय कळणार?"

संध्याकाळी पुन्हा प्रश्न झाला, पुन्हा उत्तर. तिनं चकती खाल्ली, उदबत्ती लावली आणि मला शेजारी बसवलं. "मला जिभेकडे लक्ष द्यायचंय, म्हणून मी बोलणार नाही. तू बोल. संपेपर्यंत थांबायचं नाही."

आणि मी बोललो. चुकीच्या पत्त्यांची पत्रं, परत आलेली पाकिटं, एका आजोबांनी मेलेल्या भावाला दरवर्षी पाठवलेलं कार्ड, सुचेल ते. नजर तिच्या ओठांवरून हलत नव्हती. एकदा तिनं ओठांवरून जीभ फिरवली आणि माझं वाक्य अर्ध्यावर तुटलं. तिनं कोपरानं ढोसलं, "मग? त्या आजोबांचं काय झालं?"

उदबत्ती संपली. "वाढा," ती म्हणाली. मटणाचा पार लगदा झाला होता. आई म्हणाली, बरंच झालं, दात लावायला नकोत.

पुढची एकवीस वर्षं उदबत्ती संपेपर्यंत बोलायचं काम माझ्याकडेच होतं. लोक वाटीबरोबर त्यासाठीही लवकर यायचे. आता गल्ली नाही, मावशीही नाही. बचनाग दुकानात पाकिटात आधीच शिजवलेला मिळतो. मी आणतो, गरम करतो, खातो. गुडघ्यांना ऊब येते. खाण्याआधी थोडा वेळ थांबतो आणि तेवढ्या वेळात काहीतरी बोलतो. ऐकायला कुणी नसतं, त्यामुळे काय सांगत होतो ते बऱ्याचदा मधेच विसरतो.