मुंडक्यासकट बोंबील

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. पण आता पोटात राहत नाही.

संपाचं दुसरं वर्ष. करी रोडच्या चाळीत आम्ही चौघं — आई, दादा, वहिनी आणि मी. दादाची गिरणी बंद. मी फोर्टातल्या हापिसात कारकून, घर माझ्या पगारावर चाललेलं. वहिनी कोळीवाड्यातली, मासळी विकणाऱ्या घरातली. दिराच्या पगारावर जेवणं तिला जड जायचं. बोलायची नाही, पण स्वतःला भात वाढून घेताना तिचा हात आखडायचा.

त्यात मी एका साहेबाच्या निरोपसमारंभात हॉट डॉग खाल्ला आणि घरी येऊन फुशारकी मारली — लांबट पाव, त्यात लांबट मांस, वर मोहरीची चटणी! वहिनी म्हणाली, "मंग त्यात आपला बोंबील काय वाईट?"

दुसऱ्या दिवशी तिनं हापिसासाठी डबा दिला. बारा पाव, बारा कुरकुरीत बोंबील — मुंडक्यासकट. मुंडकी कशाला, तर म्हणाली, "परक्याला मुंडकं दाखवायचंच, भावजी. त्याबिगर ताज्या मासळीचा इस्वास कसा बसंल? घरच्यांना काय दाखवायचं? ती आपलीच."

डबा उघडला आणि — काय सांगू! प्रत्येक पावातून एक जबडा वासलेला. टायपिस्ट बाई किंचाळल्या. एकजण खुर्चीसकट मागे सरकला. चव? चव बघायला कुणी हातच लावला नाही. "कुणी केलंय हे?" हेडक्लार्कनी विचारलं. मी म्हणालो, लालबागला एक बाई विकते, फसवलं तिनं मला. आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण घरी वहिनी दारातच उभी. मी सांगितलं — सगळे संपले, लोक बोटं चाटत होते. तिचं मन मोडवेना म्हणून? की माझी लाज झाकायला? आता काहीही म्हणता येईल.

चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाच-सहाजण खाली उतरलो, तर फाटकाशी वहिनी. अंगावर लग्नातली हिरवी साडी, पुढ्यात पाटी, पाटीत बोंबील-पाव. माझ्या शब्दावर आली होती ती. मला बघून हसली.

"हीच का रे ती बाई?" कुणीतरी विचारलं.

आणि मग माझाच आवाज माझ्या कानांवर आला — "हीच. वॉचमन, उठवा हिला इथून."

जीभ कशी झडली नाही माझी? तो माणूस मी होतो? — मीच होतो. वहिनीनं मला ओळख दाखवली नाही. पाटी डोक्यावर घेतली, पदर सारखा केला आणि गेली. पुन्हा कधी विकायला बसली नाही.

घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. दादाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या संध्याकाळी ताटं मांडली, उरलेले बोंबील वाढले. आईच्या ताटात मुंडकं काढून. दादाच्या ताटात मुंडकं काढून.

माझ्या ताटातल्या बोंबलाला मुंडकं होतं.

मी मान खाली घालून जेवलो. ती होती तोवर तिनं मला बोंबील तसाच वाढला.