कुंकवाखालचा डोंगर

ये, अशी जवळ सरकून बस. हे पत्र वाचताना मी शेजारीच आहे समज, आणि आधी माझी बोलणी खा. गेल्या खेपेला आलीस ती चपला घालून थेट माजघरात. भिंतीवरची तसबीर बघितलीस आणि हसत सुटलीस, "आत्याआजी, ह्या कुंकवाच्या डागांना काच कशाला लावलीय गं?" मी दुधाकडं बघत होते म्हणून वाचलीस. त्या डागांखाली डोंगर आहे, बाई. तुझ्या आजोबानं काढलेला.

तुझा आजोबा म्हणजे माझा दादा. घर हेच, पासली गावातलं. तेव्हा भोरला संस्थान होतं आणि दादा तिथं शिकायला राहिलेला. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी एकदा त्याला मासिकातलं एक चित्र दाखवलं. कॅनडा म्हणून लांबचा मुलूख आहे, तिथल्या कुणा चित्रकाराचं. एक तळं, चार दगड, वाऱ्यानं वाकलेलं झाड. संपलं. तो चित्रकार म्हणे रंगांची पेटी घेऊन एकटाच रानात राहायचा. दादा त्याच्याविषयी सांगायला लागला की ताटातला भात गार व्हायचा.

सुट्टीला आला तेव्हा त्यानं कोळशानं अंगणात ते झाड काढून आईला दाखवलं.

"आन् मान्सं कुठं गेली? पटकी आली व्हती का काय?"

"मान्सं न्हाईत, आये. नुस्ती जागा."

"देव तरी?"

"देव बी न्हाई."

"मग हात कुनाला जोडायचं रं?"

आम्ही पोट धरून हसलो. आमच्याकडं चित्र म्हणजे देवाचं, नाहीतर गेलेल्या माणसाचं.

मग मास्तरांनी त्याला जाड विलायती कागद दिला. एकच. मुंबईला प्रदर्शन भरणार होतं. त्यात चित्र लागलं तर तिथल्या चित्रशाळेत तुझ्यासाठी शब्द टाकतो, म्हणाले. दादाचा जीव त्या कागदात अडकला. पाऊस सरून गवत पिवळं पडलं की आपल्या मागचा डोंगर संध्याकाळी वर उजेडात असतो आणि खाली जांभळ्या सावलीत. ते दिवस लई थोडे. दादा रोज बांधावर जाऊन बसायचा. सावलीत त्यानं एक जांभळीचं झाड काढलं आणि झाडाखाली करडा ठिपका, तिथला दगड.

चित्र पाण्याच्या रंगांचं. पाणी लागलं की गेलंच. फळीवर चिकटवलेलं ते तसंच भिंतीला टेकवून दादा काच आणि चौकट आणायला भोरला गेला. जाताना म्हणाला, "कुनी हात लावू नका."

आता तो करडा ठिपका म्हणजे आमची डोंगरावरची देवी. आईचे गुडघे धरल्यापासून ती वर गेली नव्हती. ओटी दुसरीच्या हाती पाठवायची आणि परतलेल्या बायकांना विचारत बसायची, "जांभूळ हाय ना अजून? सावली पडती ना तिच्यावर?"

दुपारचं ऊन चित्रावर आलं आणि आई समोर टेकली. त्या करड्या ठिपक्यापाशी वाकली. मग म्हणाली, "अगं, ही तर तीच की."

उठली, ताट घेऊन आली. ओलं हळदकुंकू.

"आये, दादानं हात लावू नका म्हटलंय!"

"हात कुठं लावतीया? पूजा करतीया."

मग शेजारणी आल्या. वरच्या वाडीतली धनगराची म्हातारी आली. जी ती बोट टेकवत होती. कुणी नारळ फोडून पाणी शिंपडलं आणि डोंगर खाली ओघळायला लागला. मी दाराची चौकट धरून उभी. कुणाकुणाला अडवू? सगळ्यांचे डोळे भरलेले, आणि तेही आनंदानं.

दादा दुसऱ्या दिवशी आला. वेल्ह्यापासून चालत. काच घोंगडीत गुंडाळून पोटाशी धरलेली. उंबऱ्यातच थांबला. आईला त्याचा चेहरा दिसलाच नाही. ती म्हणाली, "लेकरा, माझं पाय तिच्याकडं नेईनात, तर तूच तिला घरला आनलंस."

त्यानं काच हळूच खाली ठेवली आणि वाकला. देवीच्या पाया पडला की आईच्या, मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी बांधावर मी म्हटलं, "दादा, दुसरं काढ की."

"कशावर?" एवढंच बोलला.

पूजा झालेलं चित्र घराबाहेर काढायचं म्हणजे आईच्या लेखी देवीला उठवणं. त्यानं आपल्याच हातानं चौकट ठोकली, कुंकवावर काच बसवली. मुंबईला दुसऱ्यांची चित्रं गेली.

पुढं तो शिवऱ्याला सडकेवर पाट्या रंगवायला लागला. हाटेलाच्या नावामागं कुणी न सांगता निळसर डोंगर काढायचा. मालक ओरडायचा, "अक्षरं मोठी कर की! डोंगर येतोय व्हय च्या प्यायला?" घरी आला की ह्या भिंतीकडं पाठ करून जेवायचा. आई मात्र मरेपर्यंत रोज काचेला हात जोडायची.

आता दोघंही नाहीत. नवरा गेल्यापासून मी माहेरी ह्याच घरात आहे, आणि डागांखाली कुठं काय आहे ते सांगणारी मी एकटीच. माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. उजव्या कोपऱ्यात जांभळीची एक फांदी अजून दिसते. तिथून तुझं बोट धरून मी सावलीपर्यंत नेईन, सावलीपासून उजेडापर्यंत. तूही चित्रं काढतेस ना? मग गवत पिवळं आहे तोवर ये, मागच्या दारातून डोंगर बघता येईल. लवकर ये गं. आणि चपला बाहेर काढ.